चार्जर भिंतीवरून गाडीत गेला

१९१२ सालचा एक फोटो विजेच्या मोटारींवरच्या लेखांत वारंवार छापला जातो. एक बाई विजेच्या पॅनेलपाशी उभी आहे आणि शेजारी तिची कोलंबिया मार्क ६८ व्हिक्टोरिया चार्ज होते आहे. गाडी अमेरिकेच्या पोप मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने १९०६ मध्ये बनवलेली, पॅनेल जनरल इलेक्ट्रिकचं. आज प्लग-इन हायब्रिड, म्हणजे पेट्रोलसोबत भिंतीवरून भरलेल्या विजेवरही चालणारी गाडी, घेणारा ग्राहक शोरूममध्ये जे विचारतो, तेच त्या काळच्या गिऱ्हाइकालाही विचारावं लागत होतं: घरी काय बसवायचं आणि कितीला पडेल?

उत्तर मात्र मधल्या शंभर वर्षांत पार उलटं झालं. त्या फोटोत विजेचं रूपांतर करणारं यंत्र गाडीबाहेर, पॅनेलमध्ये आहे आणि गाडीत आहे ती नुसती बॅटरी. आजच्या प्लग-इन हायब्रिडमध्ये ते यंत्र गाडीच्याच पोटात असतं; भिंतीवर लावतात तो डबा वीज सुरक्षितपणे जोडण्या-तोडण्याचं काम करतो. हा बदल ध्यानात नसला की ३.३, ७.४, ११ किलोवॉट असे आकडे ऐकून माणूस गोंधळतो आणि सगळ्यात मोठ्या आकड्याला पैसे मोजून मोकळा होतो.

मूळ अडचण बॅटरीच्या स्वभावात आहे. फ्रान्सच्या गॅस्ताँ प्लांते यांनी १८५९ मध्ये शिसं आणि आम्ल वापरून पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी केली, १८८१ मध्ये कामिय फोर यांनी तिच्या पट्ट्या सुधारल्या आणि ती कारखान्यात बनवण्याजोगी झाली. ही बॅटरी भरायला एकाच दिशेने वाहणारा प्रवाह लागतो, म्हणजे डीसी. एडिसनच्या कंपन्यांनी शहरांच्या मध्यवस्तीत डीसीच पुरवली होती. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये तर ती सेवा रखडत रखडत २००७ सालापर्यंत चालू राहिली. अशा वस्तीत मोटार भरायची म्हणजे मेन लाइन आणि बॅटरी यांच्यामध्ये एक रिओस्टॅट घालायचा, मीटर बघत प्रवाह कमी-जास्त करायचा, झालं.

पण शहराबाहेर, जिथे ऐपतदार मंडळी बंगले बांधून राहायला जात होती, तिथे एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारा प्रवाह, पोचली होती. एसीवर बॅटरी भरत नाही. पहिला उपाय होता मोटर-जनरेटर संचाचा: एसीवर चालणारी मोटर फिरवायची, तिच्या दांड्यावर डीसीचा जनरेटर बसवायचा. महाग, घरघर करणारा आणि सतत तेलपाणी मागणारा प्रकार. १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या पीटर कूपर ह्युइट यांनी पाऱ्याचा रेक्टिफायर शोधला आणि घरच्या चार्जिंगला खरी वाट मिळाली. जनरल इलेक्ट्रिक आणि वेस्टिंगहाउस या दोन्ही कंपन्यांनी तो विकायला काढला.

हे यंत्र जवळून पाहण्यासारखं होतं. काचेचा मोठा फुगा, त्याला बाजूंना फुटलेले काचेचे हात, तळाशी पाऱ्याचं छोटं तळं. सुरू करताना फुगा किंचित कलता करायचा. पारा हलून सुरुवातीच्या टोकाला टेकला की ठिणगी पडायची आणि मग आत निळसर-जांभळा उजेड थरथरत राहायचा. पारा प्रवाहाला एकाच दिशेने जाऊ देतो, म्हणून एसी आत जाऊन डीसी बाहेर यायची. सोबत पॅनेलवर व्होल्टमीटर, अ‍ॅमीटर आणि प्रवाह ठरवायची मूठ. मीटरचा काटा कुठे आहे ते बघून मालकाने किंवा त्याच्या गाडीवानाने मूठ फिरवायची. जास्त वेळ जास्त प्रवाह गेला तर बॅटरी तापून खराब. चार्जरचं डोकं म्हणजे तिथे उभा असलेला माणूस.

त्या काळात विजेची गाडी हा काही चमत्कार नव्हता. १९०० सालच्या अमेरिकन गणनेनुसार देशात तयार झालेल्या ४,१९२ मोटारींपैकी १,६८१ वाफेच्या, १,५७५ विजेच्या आणि फक्त ९३६ पेट्रोलच्या होत्या. शहरातले बरेचसे मालक गाडी महिन्याच्या ठरावाने इलेक्ट्रिक गॅरेजमध्ये ठेवत. रात्री तिथले लोक ती धुऊन-पुसून भरून ठेवत आणि सकाळी दारात आणून देत. स्वतःच्या घरी चार्जिंग हे बंगलेवाल्यांचं प्रकरण. न्यू जर्सीतल्या वेस्ट ऑरेंज इथे एडिसनने आपल्या ग्लेनमाँट या बंगल्याच्या आवारात १९०८ मध्ये काँक्रीटचं गॅरेज ओतून घेतलं, त्यात विजेच्या गाड्या भरण्याची सोय होती आणि पेट्रोलचा पंपही होता. पेट्रोलची गाडी घराघरांत पोचवणाऱ्या हेन्री फोर्डची पत्नी क्लारा मात्र १९१४ ची डेट्रॉइट इलेक्ट्रिक वापरायची. हँडल मारून इंजिन चालू करण्याची कटकट नाही, धूर नाही, वास नाही. ती गाडी आज डिअरबॉर्नच्या संग्रहालयात आहे.

मग पारडं फिरलं. १९१२ मध्ये कॅडिलॅकने चार्ल्स केटरिंगचा इलेक्ट्रिक सेल्फ-स्टार्टर बसवला आणि हँडलची कटकट गेली. फोर्डची मॉडेल टी दरवर्षी स्वस्त होत गेली. शिवाय एक कारण बॅटरीच्या चर्चेत मागे पडतं: १९२० मध्येसुद्धा अमेरिकेतल्या जेमतेम एक तृतीयांश घरांत वीज होती. पेट्रोलचा डबा वाण्याच्या दुकानातही मिळे. पाऱ्याचा रेक्टिफायर लावायला आधी तारा दारापर्यंत यायला हव्या होत्या. शिकागोच्या वुड्स कंपनीने १९१६ च्या सुमारास इंजिन आणि मोटर दोन्ही असलेली ‘ड्युअल पॉवर’ काढून मधला रस्ता शोधून पाहिला. दोन-तीन वर्षांत तीही बंद पडली.

पुढची चाळीस-पन्नास वर्षं घरगुती चार्जर जवळपास विस्मरणात गेला, पण त्याचे सुटे भाग सुधारत राहिले. पाऱ्याच्या जागी आधी सेलेनियम आणि मग सिलिकॉनचे डायोड आले. काचेच्या फुग्याचं काम आता बोटाएवढा तुकडा करू लागला. मग हे यंत्र भिंतीवर कशाला ठेवायचं? १९६९ मध्ये जनरल मोटर्सने एक्सपी-८८३ नावाची छोटी प्रायोगिक हायब्रिड दाखवली. तिची बॅटरी घरातल्या साध्या सॉकेटवर भरता येत होती. तेलटंचाईनंतर १९७४ मध्ये आलेली सिटीकार ही पाचरीसारखी दिसणारी दोन माणसांची गाडी स्वतःचा चार्जर पोटात घेऊन फिरायची. वायर काढायची, भिंतीत खुपसायची, झोपायला जायचं.

गाडीत चार्जर नेण्याचा हा प्रवास सरळ मात्र झाला नाही. १९९० च्या सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या हवा संसाधन मंडळाने मोठ्या मोटार कंपन्यांना काही टक्के गाड्या धूरविरहित विकण्याचं बंधन घातलं आणि घरच्या चार्जरवरून दोन तट पडले.

एका तटाला जनरल मोटर्स. तिची ईव्ही-१ डिसेंबर १९९६ पासून कॅलिफोर्निया आणि ॲरिझोनात भाड्याने मिळू लागली. तिच्यासोबत घरी मॅग्ने चार्ज नावाचं ६.६ किलोवॉटचं यंत्र बसवावं लागे. वायरच्या टोकाला प्लग नव्हता. प्लॅस्टिकचं चपटं वल्हं होतं. ते गाडीच्या नाकातल्या फटीत सरकवायचं. धातूला धातू टेकत नव्हता, चुंबकीय क्षेत्रातून वीज पलीकडे जायची, त्यामुळे भर पावसातही शॉकची भीती नाही. पण त्यासाठी एसीचं उच्च वारंवारतेत रूपांतर करणारी सगळी इलेक्ट्रॉनिक्स भिंतीवरच्या यंत्रात होती. म्हणजे अर्धा चार्जर पुन्हा घराकडे परतला होता. टोयोटाची आरएव्ही-४ ईव्ही याच तटात गेली.

दुसऱ्या तटाला होंडाची ईव्ही प्लस आणि फोर्डची रेंजर. त्यांनी धातूच्या टोकांचा अ‍ॅव्हकॉन कनेक्टर घेतला. रूपांतर गाडीत, भिंतीवरचा डबा फक्त वीज जोडणारा. एका तटाची गाडी दुसऱ्याच्या यंत्रावर भरत नव्हती, त्यामुळे शेजाऱ्या-शेजाऱ्यांच्या गॅरेजमध्ये न जुळणारी यंत्रं टांगली गेली आणि सार्वजनिक पार्किंगमध्ये दोन्ही प्रकार बसवायची पाळी आली. जून २००१ मध्ये मंडळाने धातूच्या कनेक्टरच्या बाजूने कौल दिला. जनरल मोटर्सने पुढच्याच वर्षी मॅग्ने चार्जमधून अंग काढून घेतलं. पुढे ईव्ही-१ परत घेऊन बहुतेक मोडीत काढण्यात आल्या आणि ती वल्ही भिंतींवर निकामी लटकत राहिली.

त्या भांडणातून टिकाऊ असं एक काम निघालं. सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्सच्या जे-१७७२ या मानकात डबा आणि गाडी यांच्यात एक बोलणं ठरवलं गेलं. डबा एका बारीक तारेवरून संदेश पाठवतो: ‘मी इतके अँपिअर देऊ शकतो.’ गाडी तेवढे किंवा त्याहून कमी घेते. वायर नीट बसल्याशिवाय वीज सुटत नाही, वायर ओढली की ती आधी बंद होते. २०१० च्या जानेवारीत या मानकाची आजच्या गोल कनेक्टरची आवृत्ती संमत झाली. किती घ्यायचं हे आता गाडीच्या हातात गेलं, मालकाने मूठ फिरवायचे दिवस संपले.

याच सुमारास प्लग-इन हायब्रिड बाजारात उतरली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या अँडी फ्रँक या प्राध्यापकाने विद्यार्थ्यांना हाताशी धरून नव्वदच्या दशकापासून अशा गाड्या बनवल्या होत्या. टोयोटा तेव्हा प्रियसची जाहिरात ‘हिला प्लग लावावा लागत नाही’ या मुद्द्यावर करत होती. २००४ मध्ये कॅलकार्स या गटाच्या फेलिक्स क्रेमर आणि रॉन ग्रेंबन यांनी एका प्रियसमध्ये शिशाच्या जादा बॅटऱ्या घालून तिला मुद्दाम प्लग लावला. कारखान्यातून मोठ्या संख्येने निघालेली पहिली प्लग-इन हायब्रिड चीनची: बीवायडीची एफ-३ डीएम, डिसेंबर २००८. दोन वर्षांनी अमेरिकेत शेव्हरोले व्होल्ट आली.

व्होल्टच्या मालकांसमोरचा पेच आजच्या कुठल्याही ग्राहकाला ओळखीचा वाटेल. बॅटरी १६ किलोवॉट-तासांची. अमेरिकन घरातल्या १२० व्होल्टच्या सॉकेटवर ती भरायला सुमारे १० तास लागत, २४० व्होल्टचा डबा घेतला तर ४ तास. डब्याची किंमत ४९० डॉलर, बसवण्याचा खर्च वेगळा. गाडीतला चार्जर ३.३ किलोवॉटचा, म्हणून ७ किलोवॉटचा डबा टांगला तरी वेळ तोच. टोयोटाच्या २०१२ च्या प्लग-इन प्रियसची बॅटरी तर ४.४ किलोवॉट-तासांचीच होती. साध्या सॉकेटवर ती ३ तासांत भरायची. तिच्यासाठी वेगळा डबा घेणं म्हणजे दीड तास वाचवण्यासाठी इलेक्ट्रिशियनचं बिल भरणं.

मग डबा नकोच का? त्याचं उत्तर व्होल्टच्या वायरीने दिलं. मार्च २०१२ मध्ये जनरल मोटर्सने हजारो मालकांना गाडीसोबतची १२० व्होल्टची चार्जिंग वायर बदलून देण्याचं जाहीर केलं. काही ठिकाणी प्लग आणि सॉकेट तापत होते. पुढच्या मॉडेलमध्ये कंपनीने साध्या सॉकेटवर १२ ऐवजी ८ अँपिअर हा प्रवाह आपोआप ठरेल अशी व्यवस्था केली. जास्त हवा असेल तर मालकाने स्वतः निवडायचा. बॅटरी ठणठणीत होती, दमली होती ती भिंत. व्हॅक्यूम क्लीनरसाठी बसवलेलं, पंधरा-वीस वर्षं प्लग घालून-काढून सैल झालेलं सॉकेट सलग दहा तास पूर्ण भार वाहायला केलेलंच नसतं. म्हणूनच अमेरिकेच्या वायरिंग संहितेत गाडीच्या चार्जिंगला सलग भार धरतात आणि सर्किट सव्वापट क्षमतेचं मागतात.

अमेरिकन सरकारच्या पैशातून त्या काळात ‘ईव्ही प्रोजेक्ट’ राबवला गेला. इकोटॅलिटी कंपनीने लीफ ही विजेची गाडी आणि व्होल्ट यांच्या हजारो मालकांच्या घरी चार्जिंगचे डबे बसवले आणि आयडाहो राष्ट्रीय प्रयोगशाळेने त्यांच्या नोंदी तपासल्या. ८० टक्क्यांहून अधिक चार्जिंग घरीच होत होतं. व्होल्टवाले आपल्या एकूण अंतरापैकी तीन चतुर्थांशाच्या आसपास विजेवर कापत होते. इकोटॅलिटी स्वतः २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेली. नोंदी मात्र राहिल्या.

युरोपात चित्र वेगळं दिसलं. तिथे कनेक्टरची लढाई जर्मन मेनेकेस कंपनीच्या टाइप-२ ने जिंकली आणि २०१३ मध्ये युरोपियन आयोगाने त्याला पसंती दिली. पण करसवलतीसाठी कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना वाटलेल्या प्लग-इन हायब्रिड कित्येकांनी कधी भिंतीला लावल्याच नाहीत. पेट्रोलचं बिल कंपनी भरत असताना घरचं विजेचं बिल कोण वाढवेल? २०२० मध्ये आयसीसीटी ही संशोधन संस्था आणि जर्मनीची फ्राउनहोफर संस्था यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी गाड्यांचं विजेवरचं अंतर ३७ टक्के, तर कंपनीच्या गाड्यांचं फक्त २० टक्क्यांच्या आसपास भरलं. २०२४ मध्ये युरोपियन आयोगानेच सांगितलं की या गाड्यांचं रस्त्यावरचं कार्बन उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या साडेतीन पट आहे. व्होल्टच्या आणि या गाड्यांच्या मालकांत मोठा फरक सवयीचा होता, किलोवॉटचा नव्हे.

भारतात घरच्या चार्जिंगची सुरुवात झाली ती डब्याशिवाय. चेतन मैनी यांची बेंगळुरूत बनलेली रेवा २००१ मध्ये आली. चार्जर गाडीतच आणि प्लग घरातल्या १५ अँपिअरच्या सॉकेटचा. पुढे २०१० मध्ये ती कंपनी मुंबईच्या महिंद्राने घेतली. प्लग-इन हायब्रिड मात्र इथे श्रीमंतांच्या अंगणातच राहिली: २०१५ मध्ये बीएमडब्ल्यूची आय-८, २०१६ मध्ये व्होल्वोची एक्ससी-९० टी-८. २०१७ च्या जीएसटीत हायब्रिडवर उपकरासह ४३ टक्के कर आणि पूर्ण विजेच्या गाडीवर १२ टक्के, तोही २०१९ मध्ये ५ टक्क्यांवर आला. मग मधली वाट धरणार कोण?

तरीही ज्याच्याकडे अशी गाडी आहे, त्याला इथे एक फायदा आयता मिळतो. अमेरिकन घर १२० व्होल्टवर चालतं, आपलं २३० व्होल्टवर. गिझरसाठी किंवा एअर कंडिशनरसाठी काढलेला १६ अँपिअरचा पॉइंट सुमारे ३ किलोवॉट देऊ शकतो, म्हणजे व्होल्टच्या मालकाने ४९० डॉलर मोजून जे मिळवलं जवळपास तेवढं.

अडचण वेगळ्याच ठिकाणी आहे. पुण्या-मुंबईत गाडी स्टिल्ट पार्किंगमध्ये असते, मीटर तळमजल्यावरच्या खोलीत आणि घर सहाव्या मजल्यावर. केबल कुठून न्यायची, बिल कुणाच्या मीटरवर, सोसायटी परवानगी देणार का, यावर सर्वसाधारण सभेत तासन्‌तास वाद होतात. नियम हळूहळू ग्राहकाच्या बाजूने सरकले आहेत. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या डिसेंबर २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी घरी आणि कार्यालयात खासगी चार्जिंगला मोकळीक दिली. महाराष्ट्राच्या २०२१ च्या धोरणात नव्या निवासी प्रकल्पांतलं किमान २० टक्के पार्किंग चार्जिंगसाठी सज्ज ठेवण्याची तरतूद आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये वीज ग्राहक हक्कांच्या केंद्रीय नियमांत दुरुस्ती झाली आणि गाडी चार्ज करण्यासाठी स्वतंत्र वीजजोडणी मागण्याचा मार्ग मोकळा झाला.

म्हणून प्लग-इन हायब्रिडसाठीची खरेदी उलट्या टोकाकडून करावी. आधी परवानाधारक वायरमन बोलवा: मंजूर भार किती, अर्थिंग खरंच आहे की नुसती तिसरी पिन आहे, मीटरपासून पार्किंगपर्यंत स्वतंत्र तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी आणि गळती ओळखणारा आरसीसीबी बसेल का. एक्स्टेन्शन बोर्ड कधीही वापरू नका. मग गाडीच्या माहितीपत्रकात आतल्या चार्जरचा आकडा शोधा. टोयोटाच्या आरएव्ही-४ प्राइमचंच उदाहरण घ्या: तिच्यात ३.३ आणि ६.६ किलोवॉट असे दोन पर्याय होते आणि १८.१ किलोवॉट-तासांची तीच बॅटरी एकीत साडेचार, दुसरीत अडीच तासांत भरायची. आतला आकडा ३.३ असेल तर भिंतीवर ७.४ चा डबा लावून हाती काही लागत नाही. पुढे पूर्ण विजेची गाडी घ्यायचा विचार पक्का असेल तरच तो खर्च करावा, आणि तेव्हाही आधी जाड वायर टाकून घ्यावी, डबा नंतर बदलता येतो. डबा घ्यायचाच तर टाइप-२ चा, भारतीय मानक पाळणारा आणि पावसापाण्यात टिकणारा घ्या. बाकीच्यांना गाडीसोबत आलेली वायर आणि एक चांगला १६ अँपिअरचा पॉइंट पुरतो: १२ किलोवॉट-तासांची बॅटरी १० अँपिअरच्या संथ वायरीवर रात्री ११ वाजता लावली, तरी पहाटे पाचपर्यंत ती भरलेली असते.